पेवातला ओ

मी दारू सोडली ती सांगलीजवळ हरिपूरला, हळदीच्या पेवांवर. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. कुणाला वाटतं एखादा बुवा भेटला असेल, कुणाला वाटतं वैद्याची पुडी लागू पडली असेल. तसलं सगळं करून झालं होतं आणि त्यातल्या कशानंही माझं काही हललं नव्हतं. पेवावर मला जे मिळालं ते नीट सांगायचं मी आजवर टाळत आलो, कारण ते सांगायचं तर त्या जतच्या गड्याचंही सांगावं लागतं, आणि तिथं माझी जीभ अडते. आता वय झालं. सांगून टाकतो.

आधी पेव म्हणजे काय ते सांगायला हवं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत गेलं की रांजणासारखं पोट, आणि खोली तीन-चार पुरुष. आतून पाला लावायचा, हळकुंडं ओतायची आणि तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. हळद आत वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. कीड लागत नाही, कारण कीड जगेल अशी हवाच आत नसते. माणूस जगेल अशीही नसते. म्हणून पेव उघडलं की ते तसंच काही वेळ उघडं टाकायचं आणि मग दोरीनं पेटता कंदील उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीपर्यंत आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा, विझला तर थांबायचं.

उतरणाऱ्याच्या कंबरेला दोर बांधलेला असे. दोराचं दुसरं टोक ज्याच्या हातात, त्यानं दर पोत्याला एकदा हाक मारायची, "हाय का रं?" खालच्यानं "ओ" म्हणायचं. ओ आला नाही तर विचार करत बसायचं नाही, सरळ ओढायचं. खालच्यानं पेवात कधी बसायचं नाही, कारण वाईट हवा तळाशी साचते. उभ्या माणसाला ती शिवत नाही, बसलेल्याला सोडत नाही. आणि वरच्यानं तोंडाशी वाकून आत डोकवायचं नाही. डोकावलं की उजेड अडतो, माती पडते, खालचा शिव्या देतो. आवाज आला की पुरे. सगळे जुने गडी असंच काम करत आणि मलाही त्यांनी तेच शिकवलं.

आमचं गाव पलूसच्या बाजूला. तेव्हा ते सातारा जिल्ह्यातच मोडायचं. विहिरीच्या पाण्यावर ऊस, दावणीला चार बैल. घर खाऊनपिऊन सुखी होतं, त्यातलं पिणं तेवढं मी मनावर घेतलं. लढाईच्या दिवसांत पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होतो. तिथं संध्याकाळी रम मिळायची, मापानं. जे पीत नसत ते आपला वाटा मला देत आणि मी त्यांना माझी साखर देत असे. लढाई संपली, आम्हाला घरी पाठवलं, आणि ते माप माझ्याबरोबर गावाला आलं.

गावात दारू सोडायची शपथ म्हणून मी तीनदा बेलभंडार उचलला. पहिल्या खेपेला महिनाभर टिकलो, दुसऱ्या खेपेला आठ दिवस, तिसऱ्या खेपेला देवळाच्या पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत. मग धाकट्या बहिणीची सुपारी फुटायचा दिवस आला. पाहुणे दारात आले तेव्हा मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होतो. पुढं होऊन रामराम करायला गेलो आणि होणाऱ्या व्याह्यांच्या अंगावर कोसळलो. पाहुणे चहाला न थांबता उठले. थोरला भाऊ एवढंच म्हणाला, "तू घरात हाईस तवर हिला कोन पदरात घेनार रं?" त्याचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सांगली गाठली. बहिणीचं लग्न पुढच्या वर्षी झालं असं मला बाजारात गावच्या एका गाडीवानाकडून कळलं. मला बोलावलं नव्हतं. मीही बोलावलं नसतं.

हरिपूरच्या पेवांवर मला हमालीचं काम मिळालं. तिथले मुकादम म्हणजे नाना. साठीला आलेले, गुडघे गेलेले, हाताची नखं कायमची पिवळी. पहिल्याच सकाळी माझ्या कंबरेला दोर बांधायला आले आणि गाठ मारता मारता थांबले.

"वास येतोय," म्हणाले.

"रातचा हाय नाना. सकाळी न्हाई घेतली."

"रातचा असू दे न्हाईतर सकाळचा. पिलेला मानूस पेवात उतरत न्हाई. पिलं की पाय गळत्यात, मानूस खाली बसतो. आनि खाली बसला की संपला. वरच ऱ्हा."

आता हाकलून देणार, असं धरून मी मुंडासं उचललं. नानांनी माझ्या हातात दाभण दिलं आणि पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. दुपारी भाकरी खाताना माझ्याशेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता उपदेश सुरू होणार. नानांनी कांदा फोडला आणि विचारलं, "तुला कवा लागती?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. का पितोस असं सगळ्यांनी विचारलं होतं. "दिवेलागनीला," मी म्हणालो.

"मलाबी तवाच," नाना म्हणाले. "बारा वर्सं झाली सोडून."

"आवं, बारा वर्सांनीबी?"

"आजबी लागंल बग. दिवं लागलं की हात कायतरी हुडकाय लागतो."

मला तेव्हा काय वाटलं ते आजही स्पष्ट आठवतं. तोवर मला भेटलेले लोक एकतर न पिणारे होते, ते वरून बोलायचे. नाहीतर पिणारे होते, ते पेला पुढं करायचे. ज्याला अजून रोज तलफ येते आणि तरीही जो पीत नाही असा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. मला रडू आलं, आणि परक्या माणसासमोर रडू आलं याचा रागही आला. मी कांद्यावर ढकललं.

वखारीच्या मागं कामगारांच्या खोल्यांची एक ओळ होती. त्यातली एक मला मिळाली. नानांची शेवटची. मी म्हणालो, "नाना, तुमी म्हनाल त्या देवाची शपथ घेतो." नानांनी हात झटकला.

"शपथ नगं. शपथ मोडली की मानूस तोंड लपवतो. मी रोज दिवेलागनीला तुझ्या दारात येतो, हाक मारतो. घेतली नसशील तर ओ दे. घेतली असशील, न्हाईतर घ्यावी असं लय वाटत असंल, तर ओ देऊ नगंस. गप ऱ्हा. मी आत येतो."

"आत येऊन काय करनार?"

"काय करायचंय? बसतो."

चौथ्या दिवशीच मी ओ दिला नाही. दोन हाका झाल्या, तिसरी झाली, कडी वाजली. नाना खरंच आत येऊन बसले. बाटलीला हात लावला नाही, मला काही बोलले नाहीत. चूल पेटवून पिठलं टाकलं आणि ते ढवळता ढवळता सांगायला लागले की त्यांचे वडील गेले तेव्हा ते गुत्त्यावर पडलेले होते. धाकट्या भावानं अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन ते घरी गेले तर आईनं आंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं आणि तोंड फिरवून बसली होती. शेतात पेरा किती झाला हे सांगावं तशा आवाजात सांगत होते. मग मी सुपारीच्या दिवसाचं सांगितलं. तोपर्यंत ते मी माझ्या मनाशीसुद्धा पुरतं बोललो नव्हतो.

तेरा वेळा मी ओ दिला नाही आणि तेराही वेळा नाना आत आले. कधी भांडलो, कधी त्यांच्या अंगावर ओकलो. मग दसऱ्यापासून मी रोज ओ द्यायला लागलो. पेवातही उतरायला लागलो. खाली हळदीच्या उग्र वासात पोतं भरताना वरून नानांची हाक यायची आणि मी ओ म्हणायचो, तेव्हा मला माझा आवाज आवडायचा. बऱ्याच दिवसांत मला माझं काही आवडलं नव्हतं.

दिवाळीनंतर जतचा गडी आला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, काळा, लांब हाडांचा. घरी मेंढरं आणि पावसाच्या भरवशावरची ज्वारी. बोलता बोलता मध्येच कानडी यायचं, आणि जरा काही झालं की "यप्पा!" म्हणून कपाळाला हात लावायचा. कृष्णेचं पाणी बघून तो पहिल्या दिवशी घाबरला होता. एवढं पाणी एका जागी कशाला लागतं, असं त्यानं मला अगदी मनापासून विचारलं. नदीत कधी उतरला नाही. काठावर बसून तांब्यानं आंघोळ करायचा आणि आम्ही घाटावरून त्याची चेष्टा करायचो.

तोही पिणारा होता. त्याच पायी बायको तीन वर्षांच्या पोराला घेऊन बापाकडं गेली होती. तिनं सांगून ठेवलं होतं की पाडव्यापर्यंत दारूला शिवला नाहीस तर पाडव्याला पोराला घेऊन मी सांगलीला येते, गुढी तुझ्या खोलीवर उभारू. शिवलास तर मात्र पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस. हे तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगायचा. पेवांवरच्या प्रत्येक गड्याला पाडवा किती दिवसांवर आला ते ठाऊक असायचं.

नानांचे गुडघे तेव्हा फारच धरले होते. ते गावात लेकीकडं राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "त्येला आता हाक तू मार."

मला किती अभिमान वाटला! पलटणीत फीत मिळाली तेव्हाही एवढा वाटला नव्हता. त्याच संध्याकाळी मी गड्याला समोर उभा करून पलटणीतल्या सुरात सगळं समजावलं. रोज दिवेलागणीला मी हाक मारणार. हाक आली की ओ आला पाहिजे. एक दिवस चुकता कामा नये. तो ताठ उभा राहून ऐकत होता. मग सलाम ठोकला आणि हसला. मीही हसलो.

पहिले दोन महिने मी हाक मारून आतही जायचो. त्याच्या खोलीत पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत होती. दिवस पार पडला की हळदीच्या पाण्यात बोट बुडवून तो भिंतीवर एक रेघ ओढायचा. रेघा सरळ यायच्या नाहीत म्हणून मी त्याला हसायचो. त्याच्या अंथरुणावर घरचं काळं घोंगडं होतं. ते पोराच्या अंगावर घालायचं म्हणून तो रोज सकाळी झटकून घडी करून ठेवायचा आणि स्वतः पोत्यावर झोपायचा. भाकरी माझ्या भाकरीहून चांगली करायचा. भाकरी खाता खाता त्यानंही मला त्याचं सांगितलं: दुष्काळात मेंढरं मेली त्या वर्षी कशी लागली, पोराच्या बारशाला कसा ओढ्यात पडून राहिला. मी नानांसारखं ऐकायचा प्रयत्न करायचो. ते मला नीट जमत नसे, मी मध्येच शहाणपणा शिकवायचो.

संक्रांतीनंतर मी आत जायचं सोडलं. भांडण वगैरे काही नव्हतं. त्याचं ठीक चाललं होतं, आणि मला पेवाची सवय लागली होती. ओ आला की पुरे, डोकवायचं नाही. डोकावणं म्हणजे गड्यावर विश्वास नसणं, असं मला वाटायचं. मी दारातून हाक मारायचो, ओ घ्यायचो आणि घाटावर जाऊन बसायचो. मागून तोही यायचा. पुढं पुढं येईनासा झाला. दमला असेल असं मी धरून चाललो.

मग शिमगा आला. शिमग्याला पेवांवरचे निम्मे गडी झिंगलेले असायचे. त्या दिवशी मी आणि नाना लेकीच्या ओसरीवर पुरणपोळी खात बसलो होतो. गड्यालाही बोलावलं होतं. तो आला नाही. परत आल्यावर मी हाक मारली आणि ओ आला.

त्यानंतरच्या दिवसांत ओ लवकर यायला लागला. माझी हाक पुरी व्हायच्या आत यायचा, दाराच्या अगदी जवळून. नानांनी विचारलं तर मी म्हणालो, "ठनठनीत हाय." एका संध्याकाळी दारात उभा असताना मला वास आला. ओळीत आणखी सात खोल्या होत्या. कुणाचाही असेल, असं मी मनाला सांगितलं. तरी हात कडीवर गेला होता. तो मी काढून घेतला. आज खरं लिहायचं तर, मी भ्यायलो. दार उघडल्यावर तो वास अंगावर आला असता आणि मग मी काय केलं असतं याचा मला भरवसा नव्हता. मी घाटावर जाऊन बसलो आणि त्या दिवशी पाण्याकडं फार वेळ बघत राहिलो.

पाडव्याला सहा दिवस उरले होते. नवी हळद यायच्या आधी जुनं पेव रिकामं करायचं होतं. नाना बारदान बघायला सांगलीच्या पेठेत गेले होते, दोर माझ्याकडं होता. पेव आदल्या दिवशीच उघडून ठेवलं होतं. सकाळी कंदील सोडला, चांगला जळत होता. गडी पुढं आला, हात वर करून उभा राहिला, आणि गाठ मारायला मी वाकलो तेव्हा मला वास आला. या वेळी सात खोल्या नव्हत्या.

"घेतलीस?" मी हळूच विचारलं.

"रातची हाय," तो म्हणाला. अगदी माझेच शब्द.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. "यप्पा, सा दिस ऱ्हायल्यात, गड्या. नानाला सांगू नगंस. आजपास्नं न्हाई घेनार."

पेवांवर एकाला कळलं की सगळ्यांना कळायचं, आणि जतकडं जाणारी माणसं रोज बाजारात असायची. त्याला आज वर ठेवला तर का ठेवला असं चार जण विचारणार, ते पाडव्याआधी तिच्या कानावर जाणार. हा सगळा हिशेब मी एका क्षणात केला आणि गाठ आवळली. मला वाटलं, मी त्याला सांभाळून घेतोय.

पहिल्या पोत्याला ओ आला. दुसऱ्याला आला. तिसऱ्याला, चौथ्यालाही आला. पाचव्याला मी हाक मारली आणि ओ जरा उशिरानं आला. आवाज तोच होता, पण खालून आला. उभ्या माणसाचा आवाज कुठून येतो हे दोर धरणाऱ्याच्या कानाला माहीत असतं. तो आवाज तळातून आला होता. मला कळलं की गडी बसलाय. मी ओरडलो, "ऊठ! ऊठ रं!" आणि पुन्हा ओ ऐकू यावा म्हणून थांबलो. किती थांबलो असेन? दोन श्वास, तीन श्वास. ओ तर आला होता ना, मग ओढायचं कशाला, असं ते थांबणं होतं. मग मी दोर ओढला आणि तो जड लागला.

चौघांनी मिळून त्याला वर काढला. हळदीच्या ढिगावर झोपवला, छाती चोळली, तोंडावर पाणी मारलं. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. केस, भुवया, ओठ, सगळं पिवळं झालं होतं. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. नाना पेठेतून आले, त्याच्या उशाशी बसले आणि वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, त्यांनी मला मारावं.

कृष्णा-वारणेच्या संगमावर त्याला अग्नी दिला. ज्या पाण्याला तो भ्यायचा त्याच्याच काठावर.

नंतर त्याचं सामान आवरायला म्हणून मी त्याच्या खोलीचं दार उघडलं. घोंगडं घडी करून ठेवलेलं होतं. भिंतीवर रेघा होत्या, दिवाळीपासूनच्या, एकाखाली एक ओळी, वाकड्या. मी त्या शिमग्यापर्यंत मोजल्या. शिमग्याच्या आदल्या दिवसाची रेघ शेवटची होती. त्यानंतर नऊ दिवसांची जागा कोरी होती. मला तो नऊ दिवस रोज ओ देत होता, पण भिंतीवर त्यानं एकही खोटी रेघ ओढली नव्हती. नऊपैकी कुठल्याही एका संध्याकाळी मी ती कडी उघडली असती तर मला ते दिसलं असतं. मी तिथंच बसलो.

त्याच्या घरी कुणीतरी जायला हवं होतं. मी जातो म्हणालो. मिरजेहून सर्व्हिस मोटार, पुढं चार कोस चालत. एप्रिलआधीच तिकडं सगळं करपलेलं होतं. घोंगडं खांद्यावर घेऊन चालताना मी वाटभर वाक्य घोळवत होतो: हवा वाईट होती, पेवात असं होतं, कुणाचा दोष नाही. पेवांवरच्या सगळ्यांनीही मला तेच सांगायला सांगितलं होतं.

ती खळ्यावर ज्वारी पाखडत होती. मला लांबून बघितलं, मग माझ्या खांद्यावरचं घोंगडं बघितलं आणि सूप खाली ठेवलं. मी काही बोलायच्या आधीच तिला कळलं होतं. तिचा म्हातारा बाप कानडीत मोठ्यानं रडायला लागला. ती रडली नाही. पोर कणसाच्या ढिगावर चढत-उतरत होतं.

"पिले व्हते?" तिनं विचारलं.

"पेवातली हवा वाईट व्हती," मी म्हणालो.

"त्ये मी इचारलं न्हाई."

मग माझ्याच्यानं खोटं बोलवेना. "व्हय," मी म्हणालो. "शिमग्यापास्नं. नऊ दिस."

"तुमी शेजारीच ऱ्हात व्हता न्हवं? ते सांगून पाठवायचे. रोज हाक मारनारा हाय म्हनायचे."

"व्हय. मीच त्यो."

तिनं घोंगडं माझ्या खांद्यावरून घेतलं, नाकाशी धरलं आणि पुन्हा त्याच घडीवर दुमडलं. "मीबी दाराबाहेरनंच इचारायची," ती म्हणाली. "बरं हाय न्हवं, म्हनून. आत गेलं की खरं कळायचं, म्हनून आत जात न्हवते." मग तिनं मला पाणी दिलं, भाकरी वाढली. मी दोन घास खाल्ले आणि तिसरा गिळवेना. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर तो गिळला असता असं वाटतं.

परत मिरजेला उतरलो तेव्हा मोटारीच्या थांब्याजवळचं दुकान उघडं होतं. मी सरळ आत गेलो. त्याआधी मनाशी काही झगडा झाला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. बाटली धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेतली आणि हरिपूरला चालत आलो. खोलीत शिरून कडी लावली, भिंतीला टेकून बसलो, बूच काढलं. दोन घोट घेतले. सहा महिन्यांनी ती घशाखाली उतरली आणि मला आधी काय वाटलं असेल तर आराम. हे मला अजूनही कुणापुढं कबूल करायला लाज वाटते.

बाहेर अंधारून यायला लागलं होतं. ओळीतल्या खोल्यांतून चुली पेटल्याचा धूर येत होता. तेवढ्यात अंगणात काठीचा आवाज आला. नाना लेकीकडून चालत आले होते. त्या गुडघ्यांना एवढं चालायला किती वेळ लागला असेल.

"हाय का रं?"

ओ माझ्या तोंडात तयार होता. किती सोपा होता तो! ओ म्हटलं असतं तर नाना थकलेले होते, मागं फिरले असते. उद्या सकाळी काय ते बघता आलं असतं. त्या क्षणी मला कळलं की नऊ संध्याकाळी दाराच्या आत त्या गड्याला काय वाटत होतं, आणि तो ओ त्यानं माझ्यासाठी दिला होता. मी दारात इतक्या खुशीत उभा असायचो की त्याच्यानं मला नाराज करवत नव्हतं. मी तोंडावर हात दाबून धरला.

"हाय का रं?" नाना पुन्हा म्हणाले.

मी गप्प राहिलो. तिसरी हाक झाली. नानांनी दार हलवलं. कडी आतून होती. मी सरपटत जाऊन ती काढली आणि परत भिंतीशी येऊन बसलो. आधी कंदील आत आला, मग नाना. त्यांनी बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कंदील खाली ठेवला. गुडघे वाकत नव्हते, तरी भिंतीला धरून धरून माझ्याशेजारी बसले.

"ओ दिला न्हाईस," म्हणाले. "बरं केलंस."

आणि मग मी रडलो. गडी गेल्यापासून मी रडलो नव्हतो. नाना माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले आणि मला आठवत होता तो त्याचा सलाम, ताठ उभा राहून ठोकलेला, आणि त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलेलं सगळं. हाक आली की ओ आला पाहिजे, एवढंच मी सांगितलं होतं. ओ दिला नाहीस तरी चालेल, मी आत येईन, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.